कंपवाताचा (पार्किन्सन्सचा) रुग्ण गावी, डॉक्टर कराडला: व्हिडिओ कॉलवर काय जमते आणि तयारी कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा: "वडील, आम्ही तात्या म्हणतो, वय ७२. कंपवाताला आठ वर्षे झाली. गाव पाटण तालुक्यात, हेळवाकच्या पुढे. न्यूरोलॉजिस्ट कराडला. जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो आणि आल्यावर तात्या दोन दिवस अंथरूण सोडत नाहीत. सिंडोपा ११० दिवसातून चार वेळा चालू आहे, ८, १२, ४ आणि ८ वाजता. गेल्या दीड महिन्यापासून दुपारी तीननंतर जखडून जातात. गॅस होतो म्हणून जवळच्या दवाखान्यातली एक गोळी रोज सकाळी सुरू केली आहे. मी पुण्यात, आई त्यांच्याजवळ. पुढचं दाखवणं व्हिडिओ कॉलवर केलं तर चालेल का?"

चालेल. पण त्याआधी एक काम आजच करा. आईला त्या गॅसच्या गोळीची पट्टी उलटी करून मागच्या बारीक अक्षरांचा फोटो पाठवायला सांगा. त्यात 'लेव्होसल्पिराइड' हे नाव आहे का बघा. पित्ताच्या औषधासोबत एकाच कॅप्सूलमध्ये हे औषध आपल्याकडे सर्रास दिले जाते. ते मेंदूत हालचाली सांभाळणाऱ्या डोपामिन या रसायनाचा मार्ग अडवते, आणि सिंडोपा ही कंपवाताची गोळी नेमके तेच डोपामिन पुरवायला धडपडत असते. जखडणे दीड महिन्यापूर्वी सुरू झाले. गॅसची गोळीही तेव्हाचीच असेल, तर आजार वाढला असे धरून चालू नका. पट्टीचा फोटो त्याच दिवशी कराडच्या डॉक्टरांना पाठवा. औषध बंद केल्यावरही परिणाम उतरायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, म्हणून पुढच्या तारखेची वाट बघू नका.

याच जातीची आणखी औषधे आहेत. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, म्हणजे पेरिनॉर्म. चक्कर आणि उलटीसाठी प्रोक्लोरपेराझिन, म्हणजे स्टेमेटिल. चक्करेसाठी सिनारिझिन, म्हणजे स्टुजेरॉन. अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन. रात्री भ्रम होऊन आरडाओरडा केला तर देतात ते हॅलोपेरिडॉल. लेव्होसल्पिराइड धरून ही सहा नावे मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहा, वर "तात्यांना कंपवात आहे, ही औषधे देऊ नयेत" असे घाला आणि कागद केसपेपरच्या पिशवीत पहिल्याच पानाला टाचा. गावाजवळच्या डॉक्टरांकडे शंभर तऱ्हेचे रुग्ण येतात, कागद समोर आला की ते बघतात. दूरवरून उपचार घेताना हा कागद कुठल्याही ॲपपेक्षा जास्त कामाला येतो असे माझे ठाम मत आहे.

आता कॉलविषयी. पहिले निदान प्रत्यक्ष तपासूनच व्हायला हवे, ते तुमचे झालेले आहे. पुढच्या भेटींसाठी २५ मार्च २०२० रोजी आलेली केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. प्रत्यक्ष भेटीनंतर सहा महिन्यांच्या आत, त्याच आजारासाठी घेतलेला सल्ला 'फॉलोअप' धरला जातो. म्हणून वर्षातून दोनदा कराड चुकवू नका. कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस लक्षात घेता एक भेट मेअखेरीस आणि दुसरी दिवाळीनंतर ठेवावी. मधल्या काळात दर दोन-तीन महिन्यांनी कॉल पुरतो. कॉलवर चिठ्ठी मिळते, तिच्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. प्रत्यक्ष तपासणी लागेल असे डॉक्टर म्हणाले तर तो निर्णय त्यांचा, तिथे आग्रह धरू नका.

अशा कॉलचा उपयोग होतो का, हे अमेरिकेत १९५ कंपवात रुग्णांवर तपासून झाले आहे. अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घरबसल्या तज्ज्ञाच्या भेटी दिल्या. जीवनमानात फरक पडला नाही, ना चांगला ना वाईट, पण दर भेटीमागे साधारण ८८ मिनिटे आणि ३८ मैलांचा प्रवास वाचला. घाटातल्या रस्त्याने जाऊन-येऊन थकणाऱ्या माणसाला एवढा फायदा पुष्कळ आहे.

कॉलवर डॉक्टरांना थरथर, हालचालींचा मंदपणा, चाल, चेहरा आणि आवाज दिसतो-ऐकू येतो. स्नायूंचा ताठरपणा मात्र हात धरून, कोपर वाकवूनच कळतो. मागून खांद्याला झटका देऊन तोल बघायची चाचणी तर समोर उभे राहूनच करायची असते. ही दुसरी चाचणी घरी कोणीही करून बघू नका. तात्या मागे कोसळले तर खुबा मोडेल. ताठरपणा, तोल, वजन आणि रक्तदाब या चार गोष्टी कॉलच्या आठवड्यात पाटणच्या तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडून तपासून, एका चिठ्ठीवर लिहून घ्या. तेही जमत नसेल तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून निदान रक्तदाब आणि वजन करून घ्या. तिथूनच ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर मोफत डॉक्टरांचा सल्लाही मिळतो. ताप, लघवीची जळजळ यांसाठी तो उत्तम, पण सिंडोपाचे वेळापत्रक ठरवायला ओळखीचा न्यूरोलॉजिस्टच हवा.

रक्तदाब तपासायची पद्धत वेगळी आहे, ती सांगूनच घ्यावी लागते. पाच मिनिटे आडवे झोपवून एकदा, उभे राहिल्यावर एका मिनिटाने एकदा आणि तीन मिनिटांनी एकदा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर ती महत्त्वाची नोंद. चक्कर येऊन पडण्याचे ते नेहमीचे कारण असते, आणि डॉक्टर त्यावरून गोळ्या बदलतात. घरी यंत्र घ्यायचे तर दंडाला बांधायचे घ्या, मनगटाचे नको. थरथरणाऱ्या हातावर यंत्र चुकीचा आकडा दाखवते किंवा 'एरर' देते. कमी थरथरणारा हात निवडा आणि गोळीचा असर असताना मोजा.

आता व्हिडिओ. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडे सविस्तर.

खोऱ्यात रेंज येते-जाते. कॉल तुटक झाला की चित्र उड्या मारते आणि बोटांची चाचणी वाचताच येत नाही. मंद बोटे जलद वाटतात, सरळ हालचाल अडखळल्यासारखी दिसते. म्हणून हालचालींचे व्हिडिओ आदल्या दिवशी फोनमध्येच घ्या आणि रेंज मिळेल तिथून पाठवा. कॉलचा वेळ बोलण्यासाठी ठेवा. व्हिडिओ दोन संच हवेत: एक सकाळच्या आठच्या गोळीआधी, साधारण पावणेआठला, आणि दुसरा गोळीनंतर तासाभराने, नऊला. दोन्ही संच शेजारी ठेवले की गोळी किती काम करते ते डॉक्टरांना एका नजरेत कळते. एकच व्हिडिओ, तोही गोळी कधी घेतली ते न सांगता पाठवला, तर त्यावरून काही ठरवता येत नाही. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला आईने मोठ्याने म्हणावे, "आता सकाळचे पावणेआठ, रात्रीची गोळी काल आठला घेतली."

जागा पडवीची किंवा अंगणाची घ्या. माजघरात अंधार असतो, आणि दाराकडे पाठ करून बसवले की माणूस काळी सावली दिसतो. उजेड तोंडावर हवा. फोन आडवा धरून स्टुलावर डब्याला टेकवून ठेवा, हातात धरू नका. खुर्ची लाकडी, हात नसलेली, आणि पावले चौकटीत दिसली पाहिजेत. तात्यांची चप्पल काढा. गुडघ्याच्या वर धोतर किंवा पायजमा सावरला तर पायांची थरथर दिसते.

पहिल्या व्हिडिओत हात मांडीवर सैल ठेवून अर्धा मिनिट बसायचे आणि वार उलटे म्हणायचे, रविवार, शनिवार, शुक्रवार असे. मन गुंतले की विश्रांतीची थरथर उघडी पडते. नुसते "हात स्थिर ठेवा" म्हटले तर माणूस नेटाने थांबवतो आणि थरथर लपते. मग दोन्ही हात समोर सरळ धरून दहा सेकंद. मग अंगठा आणि पहिले बोट पूर्ण उघडून जलद पंधरा वेळा टेकवायचे, आधी उजवा हात, मग डावा, दोन्ही एकदम नाही. टेकवता टेकवता बोटांतले अंतर कमी होत जाते का, हे डॉक्टर बघतात. त्यानंतर बसूनच टाच जमिनीवर ठेवून पंजा दहा वेळा आपटायचा, दोन्ही पायांचे वेगवेगळे. शेवटी हात छातीशी बांधून खुर्चीतून उठणे, दहा पावले चालणे, वळून परत येणे. या शेवटच्या भागात एक माणूस बाजूने, हात न लावता, पण हात पोचेल इतक्या जवळ चालला पाहिजे. वळताना किती पावले पडतात आणि चालताना दोन्ही हात हलतात का, हे चालण्याच्या गतीइतकेच महत्त्वाचे.

याखेरीज एक कोरा कागद घ्या. तात्यांना स्वतःचे नाव आणि गावाचे नाव एकाखाली एक पाच वेळा लिहायला सांगा, तारीख घालून फोटो पाठवा. अक्षर ओळीगणिक बारीक होत जात असेल तर ते कागदावर स्पष्ट दिसते. दर कॉलला तोच मजकूर घ्या, म्हणजे तुलना होते.

डायरीशिवाय कॉल अर्धा वाया जातो. कॉलच्या आधीचे तीन दिवस, दर अर्ध्या तासाला नोंद. ती आईने करायची आहे, म्हणून सोपी ठेवा. वहीच्या पानावर सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन आखा आणि टिकल्यांची तीन पाकिटे द्या. चांगले हिंडतात-फिरतात तेव्हा हिरवी. जखडले, पाय उचलत नाही, तेव्हा लाल. अंग आपोआप वळवळते, डोलते तेव्हा पिवळी. झोपले तर चौकोन कोरा. गोळी घेतली त्या चौकोनात पेनाने फुली, जेवले तिथे गोल. तीन दिवसांनी पानाचा फोटो काढला की फुलीनंतर किती चौकोनांनी हिरवे सुरू होते आणि कधी लाल लागते, ते सरळ दिसते.

लाल आणि पिवळ्यातला फरक आईला नीट समजावा, कारण गफलत झाली तर उपचार उलटा होतो. कंपवाताची थरथर तालात असते, हात निवांत असताना वाढते आणि तेव्हा माणूस सहसा मंद असतो. गोळीच्या असरात होणारी वळवळ बेताल असते. मान, खांदा, कंबर नाचल्यासारखी हलते, माणूस एरवी मोकळा हिंडत असतो. घरचे दोन्हीला "थरथरतात" म्हणतात. त्यावर डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि ती वळवळ निघाली, तर त्रास दुप्पट. शंका आली की वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या, वेळ सांगा, पाठवा.

तुमच्या प्रश्नातले "तीननंतर जखडतात" हे डायरीत बारकाईने बघा. बाराची गोळी तीन तासांत उतरते, म्हणजे दोन गोळ्यांमधले चार तासांचे अंतर कदाचित आता पेलत नाही. पण त्याआधी दुपारचे जेवण तपासा. सिंडोपातले मुख्य औषध लेव्होडोपा. ती आतड्यातून शोषली जाते ज्या वाटेने, त्याच वाटेने प्रथिनांचे घटकही जातात आणि गोळीला अडवतात. बाराला गोळी आणि लगेच मटकीची उसळ, पिठले, वर ताक असे असेल, तर गोळी पोटात पडून राहते. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा तासाभराने नंतर, पूर्ण ग्लासभर साध्या पाण्याने घ्यायची. दुधाबरोबर नाही. रिकाम्या पोटी मळमळले तर अर्धी चतकोर भाकरी किंवा मूठभर चुरमुरे चालतात. तसेच उपासाला साबुदाण्याच्या खिचडीतले शेंगदाणे, त्यांतही प्रथिने भरपूर. प्रथिने कमी करायची नाहीत, वजन घटेल. गोळीपासून लांब न्यायची, शक्य तितकी रात्रीच्या जेवणात. रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर ती आणि सिंडोपा यांत किमान दोन तास ठेवा.

पट्टी दरवेळी वाचा, ही विनंती पुन्हा करतो. सिंडोपा ११० मध्ये लेव्होडोपा १०० आणि कार्बिडोपा १० मिलिग्रॅम असते. १२५ मध्ये लेव्होडोपा तितकीच, १००, कार्बिडोपा २५. २७५ मध्ये लेव्होडोपा थेट २५०. पावसात पाटणला ११० मिळाली नाही आणि "तीच आहे, मोठी घ्या" म्हणून कोणी २७५ दिली, तर तात्यांना एका वेळी अडीचपट औषध जाईल. नावापुढे 'सीआर' असेल तर ती हळू सुटणारी गोळी, तिला ठेचायचे-चावायचे नाही. जूनच्या आधी एक महिन्याचा जादा साठा घरात ठेवा, हवाबंद डब्यात, चुलीपासून आणि ओलीपासून दूर. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नका. आणि कोणी खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण सुचवले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असते, म्हणूनच न मोजता वर टाकली की वळवळ आणि भास सुरू होतात.

कॉलच्या दिवशी वेळ गोळी चांगली चालू असतानाची मागा, म्हणजे तात्यांना स्वतः बोलता येईल. ते समोर असलेच पाहिजेत. तुम्ही पुण्याहून जोडले जा, पण प्रश्नांची उत्तरे आधी त्यांना देऊ द्या. आवाज बारीक झाला आहे म्हणून घरचे मध्येच बोलतात, आणि मग डॉक्टरांना आवाजही कळत नाही, विचारांचा वेगही नाही. शेवटची पाच मिनिटे आईसाठी वेगळी मागून घ्या, दुसऱ्या खोलीतून, दुसऱ्या फोनवर. रात्री कोपऱ्यात माणसे दिसतात, संशय घेतात, झोपेत हातपाय झाडतात, दोनदा पडले पण सांगू नको म्हणाले, हे आई त्यांच्यासमोर बोलणार नाही. भास होत असतील तर आजवर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी तयार ठेवा. पॅसिटेन, अमँटाडिन, प्रामिपेक्झोल या कंपवाताच्याच दुसऱ्या औषधांपैकी काही असेल तर डॉक्टर आधी तेच कमी करायचा विचार करतात, सिंडोपाला शेवटी हात लावतात.

कॉल संपण्याआधी फोन हातात घेऊन अंथरुणापासून संडासापर्यंतची वाट डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. दवाखान्यात त्यांना हे कधीच दिसत नाही, आणि घरून दाखवण्याचा हा खरा फायदा. उंबऱ्याशी पाय चिकटतो? उंबऱ्याच्या अलीकडे हाताएवढ्या अंतराने रंगीत चिकटपट्टीच्या तीन आडव्या रेघा मारा आणि रेघेवर पाऊल टाकायला सांगा. चिकटले की हाताला धरून ओढायचे नाही. थांबायचे, वजन डावी-उजवीकडे झुलवायचे, "एक, दोन" म्हणत मोठे पाऊल टाकायचे. अंगण सारवलेले ओले असताना बाहेर सोडू नका. रात्री बाहेरच्या संडासाला जाणे बंद करा, खाटेशी लघवीचे भांडे आणि बॅटरी ठेवा.

पाणी पिताना ठसका, जेवल्यावर आवाज ओला-घोगरा, वारंवार बारीक ताप, या गोष्टी विचारण्याची वाट न बघता सांगा. अन्न श्वासनलिकेत जात असेल. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटे घोट, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही. बद्धकोष्ठताही सांगा. शौचास तीन दिवस झाले नाही की गोळी नीट लागू पडत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

काही प्रसंगी कॉल लावत बसू नये. तोंड वाकडे, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा, बोबडी वळली, अशी पक्षाघाताची चिन्हे दिसली, तर १०८ बोलवा आणि लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तुमच्या गावाहून कराडचे अंतर धरले तर हाताशी वेळ थोडा उरतो. डोक्याला मार लागून पुढच्या काही दिवसांत, कधी आठवड्यांत, झोपाळूपणा किंवा गोंधळ वाढला तरी थेट रुग्णालय. गोळ्या एक-दोन दिवस पूर्ण बंद पडल्या आणि खूप ताप, अंग लाकडासारखे, भान हरपते, हेही जिवावरचे. कंपवात स्वतः दोन दिवसांत इतका वाढत नाही. अचानक बिघडले की लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, कमी पाणी, साचलेला मळ, चुकलेली गोळी किंवा नवे औषध शोधायचे.

एक सरकारी काम कॉलवर होत नाही. अपंगत्व हक्क कायदा २०१६ मध्ये पार्किन्सन्सचा स्वतंत्र उल्लेख आहे. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा, तपासणी सरकारी रुग्णालयात प्रत्यक्ष होते, आणि बहुतेक सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागते. दिवाळीनंतरच्या भेटीच्या आसपासच ती तारीख मागा, म्हणजे तात्यांचा एक प्रवास वाचेल. आईला बोलायला कोणी हवे असेल तर पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे मराठीत बोलणारी, याच वाटेने गेलेली घरे भेटतात.

शेवटी रुग्णालयात भरती व्हायची वेळ आली तर. खुबा, हर्निया, मोतीबिंदू, कशासाठीही असो, घरची सिंडोपा बरोबर न्या आणि वेळापत्रक खाटेच्या डोक्याशी चिकटवा. वॉर्डात औषधे त्यांच्या फेरीच्या वेळी मिळतात, तात्यांना ८, १२, ४, ८ लागतात. उपाशी ठेवायचे सांगितले तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, घोटभर पाण्याबरोबर गोळी बहुतेक वेळा चालते. नाकातून पोटात नळी घातली असेल तर साधी गोळी पाण्यात विरघळवून देता येते, सीआर नाही. आणि उलटी थांबवायचे इंजेक्शन भरण्याआधी नर्सताईंना तो पहिल्या पानावरचा कागद दाखवा.